'थिंग' म्हणजे वस्तू, पण आधी ती सभा होती

ग्रीनलंड कुणाचं यावरून जी बोंबाबोंब झाली त्यात डेन्मार्कच्या संसदेचं नाव पेपरात सारखं यायचं, फोल्केटिंग. १७९ खासदार, त्यातले दोन ग्रीनलंडचे आणि दोन फॅरो बेटांचे. शेजारच्या नॉर्वेची बातमी वाचायला घ्या, तिथे स्टोर्टिंग. फॅरो बेटांची स्वतःची वेगळी सभा आहे, ती लोगटिंग. आइसलँडची आल्थिंगी. परकी नावं आली की आपण नजर फिरवून पुढे जातो, पण एकच शेपूट चार ठिकाणी दिसतंय म्हटल्यावर जरा थांबून बघायला हरकत नाही. फोल्क म्हणजे लोक, स्टोर म्हणजे मोठी, लोग म्हणजे कायदा, आल म्हणजे सगळ्यांची. मग टिंग म्हणजे काय?

टिंग म्हणजे थिंग. आपण शाळेत पहिल्या धड्यात शिकलेला तोच इंग्रजी थिंग, समथिंग-नथिंगमधला, इंटरनेट ऑफ थिंग्जमधला. म्हणजे अक्षरशः बघायला गेलं तर डेन्मार्कचा कारभार 'लोकांच्या थिंग'मध्ये चालतो. हे ऐकून बहुतेकांना वाटतं की आवाज जुळलाय एवढंच, बाकी काही संबंध नसणार. संबंध आहे, पक्का आहे, आणि उलट आहे, म्हणजे वस्तूवरून सभा झालेली नाही तर सभेवरून वस्तू झालेली आहे.

आधी आवाजाचं बघू

इंग्रजी, जर्मन, डच, डॅनिश, नॉर्वेजियन, स्वीडिश, आइसलँडिक, फॅरोज या सगळ्या भाषांना मिळून जर्मॅनिक भाषा म्हणतात (जर्मनीच्या भाषा असं नाही, जर्मन ही त्यातली एक). या सगळ्यांची जी आई होती तिच्यातलं लिखाण आपल्याकडे जवळपास नाही, पोरींच्या चेहऱ्यावरून आईचा चेहरा काढावा तसा अभ्यासकांनी तो काढलाय आणि त्या भाषेला आद्य जर्मॅनिक असं नाव दिलंय. तिच्यात आपला शब्द साधारण 'थिंगं' असा होता.

यातला थ आपल्या थाळीतला थ नव्हे. जीभ दातांच्या मधे ठेवून हवा सोडायची, तो. हा आवाज उच्चारायला कटकटीचा आहे आणि बहुतेक जर्मॅनिक भाषांनी तो टाकून दिला, पण प्रत्येकीने आपापल्या पद्धतीने. जर्मन आणि डचने त्याचा ड केला, म्हणून तिकडे 'डिंग'. डॅनिश, नॉर्वेजियन, स्वीडिशने ट केला, म्हणून 'टिंग'. इंग्रजी आणि आइसलँडिकने मात्र तो धरून ठेवला, आइसलँडिकमध्ये तर त्याच्यासाठी जुनं स्वतंत्र अक्षरसुद्धा अजून वापरात आहे, उभ्या काठीला मधोमध पोट आल्यासारखं दिसणारं, त्याला थॉर्न म्हणतात.

हे फक्त या एका शब्दापुरतं आहे का? नाही, म्हणून तर त्यावर विश्वास ठेवायचा. तीन हा आकडा घ्या: इंग्रजी थ्री, जर्मन द्राय, डच द्री, स्वीडिश त्रे (आपला ट-त आणि ड-द हा भेद इथे सोडून द्या, त्यांचा आवाज एकच, लिहिताना आपण कधी हे अक्षर वापरतो कधी ते). गुरुवार घ्या: इंग्रजी थर्सडे, जर्मन डोनर्सटाग, डॅनिश टोर्सडाग. एकेका शब्दाचा आवाज जुळणं हा योगायोग असू शकतो, पण रांगेने सगळे शब्द तसेच वागत असतील तर तो नियम असतो. आपलं 'तीन' आणि संस्कृतातलं 'त्रि' हेही त्याच थ्रीचे लांबचे नातेवाईक, फक्त आपल्याकडे मूळचा त तसाच राहिला आणि जर्मॅनिकमध्ये त्याचा तो दातांमधला थ झाला. हे १८१८ मध्ये डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने दाखवलं आणि १८२२ मध्ये याकोब ग्रिमने व्यवस्थित मांडलं (हो, परीकथावाल्या ग्रिम बंधूंपैकी मोठा, त्याचा खरा धंदा हा होता). स्वीडिश 'त्रे' आपल्या 'त्रि'सारखं दिसतं म्हणून ते जास्त जवळचं असं मात्र समजू नका, ते बिचारं त पासून निघून थ पर्यंत जाऊन परत त वर आलंय.

मुळात अर्थ काय होता

सर्वात जुनी जर्मॅनिक भाषा जिच्यात मोठा मजकूर शिल्लक आहे ती गॉथिक, चौथ्या शतकात बिशप वुल्फिलाने केलेलं बायबलचं भाषांतर. त्यात याच घराण्यातला 'थीह्स' असा शब्द येतो आणि त्याचा अर्थ आहे वेळ. त्यावरून बहुतेक जाणकार असं धरतात की थिंग म्हणजे आधी 'ठरवलेली वेळ', मग त्या ठरलेल्या वेळेला जमणारी माणसं, म्हणजे सभा. आपण 'मिटिंग साडेदहाची आहे' म्हणतो तेव्हा वेळ आणि सभा असेच एकमेकांना चिकटलेले असतात.

ठरलेल्या वेळेचं हे प्रकरण रोमन इतिहासकार टॅसिटसने इसवी सन ९८ मध्ये लिहून ठेवलंय. थिंग हा शब्द तो वापरत नाही, तो लॅटिनमध्ये लिहितोय, पण वर्णन त्याच सभेचं आहे. जर्मन टोळ्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला जमतात, हत्यारं घेऊन बसतात, पुजारी लोकांना गप्प करतात, बोलणं पटलं तर भाले आपटतात आणि नाही पटलं तर कुरकुर करतात. आणि एक तक्रारही आहे त्याची, की ही माणसं सांगितलेल्या वेळेला कधी येतच नाहीत, लोक जमेपर्यंत दोन-तीन दिवस वाया जातात! म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ 'नेमलेली वेळ' आणि वागणूक आपल्या लग्नपत्रिकेवरच्या वेळेसारखी.

पुढे हा शब्द कायद्याच्या कागदात सगळीकडे सापडतो. इटलीत घुसलेल्या लाँगोबार्ड लोकांचा राजा रोथारी याने ६४३ मध्ये कायदे लिहून घेतले, लॅटिनमध्ये, पण मधेच 'थिंक्स' हा आपला शब्द येतो, आणि 'गायरेथिंक्स' म्हणजे भाल्यांची सभा, जिने त्या कायद्यांना मान्यता दिली. सातव्याच शतकात इंग्लंडमधल्या केंटच्या राजांच्या कायद्यात एखाद्याला सभेत किंवा 'थिंगमध्ये' बोलावण्याचा उल्लेख आहे. म्हणजे इंग्रजीतसुद्धा हा शब्द आधी सभाच होता.

ती सभा भरायची कशी

सगळ्यात जास्त माहिती आइसलँडची आहे कारण त्या लोकांना लिहायची हौस होती. ९३० च्या सुमारास तिथे आल्थिंगी सुरू झाली, थिंगवेट्लिर नावाच्या मैदानात, शब्दशः 'थिंगची मैदानं'. छप्पर नाही, भिंत नाही. एका बाजूला काळ्या लाव्हा खडकाचा उभा कडा, समोर नदी आणि तलाव. जूनमध्ये साधारण दोन आठवडे देशभरातून लोक घोड्यावरून यायचे, राहुट्या टाकायचे, खटले चालायचे, सोयरिकी जमायच्या, दारू विकली जायची. राजा नव्हता. पोलीस नव्हते. कायदे लिहिलेलेही नव्हते, पहिल्यांदा कागदावर (म्हणजे चामड्यावर) उतरले ते १११७-१८ च्या हिवाळ्यात. तोपर्यंत 'कायदा सांगणारा' असा एक पदाधिकारी असायचा, तीन वर्षांसाठी निवडलेला, आणि त्याने दरवर्षी खडकावर उभं राहून एक तृतीयांश कायदा सगळ्यांसमोर तोंडपाठ म्हणायचा, तीन वर्षांत पूर्ण.

इसवी सन १००० च्या आसपास अशा एका सभेत ख्रिस्ती झालेले आणि जुने देव मानणारे असे दोन गट समोरासमोर आले आणि मारामारी होणार असं दिसायला लागलं. तेव्हाचा कायदा सांगणारा थोर्गेर, जो स्वतः जुन्या देवांचा होता, त्याच्यावर निर्णय सोडला. तो राहुटीत जाऊन अंगावर घोंगडं ओढून दिवसभर आणि रात्रभर पडून राहिला, कुणाशी बोलला नाही. सकाळी उठून म्हणाला की कायदा फाडला तर शांतताही फाटेल, तेव्हा सगळ्यांनी ख्रिस्ती व्हा, पण घोड्याचं मांस खायचं असेल तर खा आणि जुनी पूजा चोरून केली तर चालेल. इतकी व्यवहारी तडजोड मी तरी दुसऱ्या कुठल्या धर्मांतराच्या गोष्टीत वाचलेली नाही.

नॉर्वेच्या गुलाथिंगचं वर्णन जुन्या सागांमध्ये, म्हणजे आइसलँडच्या लांबलचक गद्य कथांमध्ये येतं. हेझल झाडाच्या काठ्या गोल रोवायच्या, त्यांना दोरी बांधायची, आत ३६ पंच, बाहेर सगळी गर्दी. ती दोरी पवित्र, ओलांडायची नाही. एका खटल्यात निकाल आपल्या विरुद्ध जाणार असं वाटल्यावर राणी आपल्या माणसांना पाठवते आणि ती माणसं दोरी कापून काठ्या मोडून सभा उधळून लावतात. सभागृहात कागद भिरकावणारे लोक आपल्याकडे टीव्हीवर बघितले की मला ती दोरी आठवते.

मग सभेची वस्तू कशी झाली

इथे गाडी हळू चालवू. आपण बोलतो ना, 'काय मॅटर झालाय रे?' किंवा 'त्यांचा मॅटर कोर्टात आहे'. मॅटर म्हणजे भांडण, खटला, प्रकरण. आणि तोच माणूस पुढच्या वाक्यात म्हणतो 'त्याने काही मॅटर होत नाही', तिथे ना भांडण ना कोर्ट. थिंगचंही असंच टप्प्याटप्प्याने झालं. आधी सभा. मग सभेपुढे आलेलं प्रकरण. मग कुठलंही प्रकरण, सभेत येवो न येवो. मग कुठलीही बाब. आणि शेवटी हातात धरता येईल अशी कुठलीही वस्तू जिचं नाव आत्ता आठवत नाही, 'ती ही रे, ते हे'. एका पिढीला हा बदल जाणवलाही नसणार कारण प्रत्येक टप्पा आधीच्याला लागून आहे.

यावर कुणी म्हणेल की ही साखळी नंतर बसून जुळवलेली आहे. रास्त शंका. पण याच रस्त्याने दुसरे शब्दही गेलेत, स्वतंत्रपणे. लॅटिनमध्ये 'काउसा' म्हणजे खटला, कारण. त्यापासून फ्रेंचमध्ये झालं 'शोझ', इटालियन आणि स्पॅनिशमध्ये 'कोसा', पोर्तुगीजमध्ये 'कोइझा', आणि सगळ्यांचा अर्थ वस्तू (गोव्यात ज्यांच्या घरी आजी-आजोबा पोर्तुगीज बोलायचे त्यांनी हा शब्द हजारदा ऐकला असेल). जुन्या इंग्रजीत 'साकू' म्हणजे खटला, भांडण. त्याचा जर्मन भाऊ 'झाखं', आज त्याचा अर्थ वस्तू, सामान, बाब. स्वीडिशमध्ये 'साक', तेच.

आणि मग आपली गोष्ट. गोष्ट हाच शब्द! संस्कृतात गोष्ठ म्हणजे गायी बांधायची जागा, आपला गोठा तिथूनच आलाय. त्यावरून गोष्ठी म्हणजे जमलेली मंडळी, बैठक, आणि त्या बैठकीतलं बोलणं. हिंदीत अजून हाच अर्थ आहे, काव्यगोष्ठी, संगोष्ठी. मराठीत मात्र त्याची गोष्ट झाली आणि ती सुटलीच, सुखदुःखाच्या गोष्टी म्हणजे बोलणं, चिऊकाऊची गोष्ट म्हणजे कथा, 'एक गोष्ट लक्षात ठेव' म्हणजे बाब, आणि आता तर 'बाजारातून चार गोष्टी आणायच्यात' म्हणजे कोथिंबीर, साबण आणि दोन बल्ब. सभेपासून साबणापर्यंत. हिंदीने जुना अर्थ ठेवला आणि मराठी पुढे गेली, अगदी डॅनिशची आणि इंग्रजीची जी जोडी आहे तशीच. आइसलँडचा शेतकरी आणि आपला गवळी एकमेकांना भेटलेले नाहीत. माणसं जिथे जमतात तिथेच बोलायचे विषय तयार होतात आणि भाषेला 'काहीतरी' या अर्थाचा एक ढिला शब्द सतत हवाच असतो, तो मग तिथूनच उचलला जातो.

मग उत्तरेकडे जुना अर्थ का टिकला

कारण तिथे ती संस्था टिकली. इंग्लंडमध्ये सभेला 'मोट' हा दुसरा शब्द जास्त चालायचा, पुढे १०६६ नंतर नॉर्मन फ्रेंच राज्यकर्ते आले आणि कोर्ट, पार्लमेंट हे शब्द वर बसले, मग थिंगला सभेचं काम उरलंच नाही. स्कँडिनेव्हियात गावोगावच्या, प्रांतांच्या टिंग चालू राहिल्या, म्हणून १८१४ मध्ये नॉर्वेने आणि १८४९ मध्ये डेन्मार्कने राज्यघटना केली तेव्हा नव्या संसदेला किंवा तिच्या सभागृहांना नाव द्यायला जुना शब्द हाताशी होता. स्वीडनमध्ये आजही खालच्या कोर्टाला 'टिंग्सरेट' म्हणतात. आइसलँडची सभा मात्र सलग चाललेली नाही, ती १८०० मध्ये बंद झाली आणि १८४५ मध्ये रेक्याविकला परत भरली. 'जगातली सर्वात जुनी अखंड संसद' असं कुणी सांगितलं तर 'अखंड'वर बोट ठेवा.

पण वस्तू हा अर्थ डॅनिश-नॉर्वेजियनमध्येही आला, मग घोळ होत नाही का? त्यांनी लिंग बदलून सोडवलं. 'टिंगेन' म्हणजे ती वस्तू, 'टिंगेट' म्हणजे ती सभा, शब्द एक, लिंगं दोन. आपल्याला हे नवीन नाही, 'माझा वेळ गेला' आणि 'माझी वेळ गेली' यात काय फरक आहे ते मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. आइसलँडिकने तर वस्तूसाठी मुख्यतः 'ह्लुतुर' हा वेगळाच शब्द घेतला.

उत्तरेकडच्या सामी लोकांची भाषा जर्मॅनिक नाही, फिनिशच्या नात्यातली आहे, तरी त्यांनी हा शब्द शेजाऱ्यांकडून उचलला. त्यांच्या संसदेचं नाव सामेदिग्गी, नॉर्वेतली १९८९ मध्ये सुरू झाली. त्यातली 'दिग्गी' म्हणजे टिंगच.

मंगळवार कुठून आला यात

इंग्लंडच्या उत्तरेला हॅड्रियनची भिंत आहे, तिथल्या हाउसस्टेड्स किल्ल्यात १८८३ मध्ये एक दगडी वेदी सापडली. तिसऱ्या शतकात रोमन सैन्यात नोकरीला असलेल्या, आजच्या नेदरलँड्सच्या भागातून आलेल्या शिपायांनी ती वाहिली आहे 'मार्स थिंगसस' या देवाला. रोमन नाव मार्स, आणि आडनावासारखं लावलेलं थिंगसस, सभेचा रखवालदार. रोमन लोकांचा मार्सचा वार म्हणजे मंगळवार. इंग्रजांनी तिथे आपला देव तीव घातला आणि ट्यूजडे झाला, तर डच आणि जर्मन लोकांनी याच 'थिंगसस'वरून 'डिन्सडाग' आणि 'डीन्सटाग' केलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. मार्स म्हणजे मंगळ, वारांना ग्रहांची नावं द्यायची पद्धत पश्चिमेकडून भारतातही आली (मध्य प्रदेशातल्या एरणच्या खांबावर ४८४ सालातला गुरुवार कोरलेला आहे), त्यामुळे आपला मंगळवार आणि जर्मनांचा सभेचा वार एकाच दिवशी पडतात.

इंग्रजीत जुन्या अर्थाचं काहीच उरलं नाही का

उरलंय, पण वेषांतर करून. निवडणुकीच्या दिवसात आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रंही 'हस्टिंग्ज' हा शब्द वापरतात, प्रचाराच्या रणधुमाळीसाठी. तो 'हूस-थिंग' आहे, घरची सभा, म्हणजे सरदाराने आपल्या घरच्या माणसांची बोलावलेली बैठक. व्हायकिंगांबरोबर इंग्लंडात आला, मग लंडनच्या एका कोर्टाचं नाव झाला, मग उमेदवार उभे राहून भाषण करायचे त्या मंचाचं. १८७२ मध्ये गुप्त मतदान आलं आणि ते मंच गेले, शब्द राहिला.

जागांच्या नावात तर भरपूर आहे. स्कॉटलंडचं डिंगवॉल, शेटलंडचं टिंगवॉल, लिव्हरपूलजवळचं थिंगवॉल, सगळी 'थिंगचं मैदान'. आणि आयल ऑफ मॅन बेटाची संसद टिनवाल्ड, तीही तेच. तिथे दरवर्षी ५ जुलैच्या सुमारास खासदार चार पायऱ्यांच्या एका गवताळ टेकडीवर उघड्यावर बसतात आणि वर्षभरात केलेल्या कायद्यांचा सारांश मॅन्क्स या बेटाच्या जुन्या भाषेत आणि इंग्रजीत मोठ्याने वाचून दाखवतात, शिवाय कुणाही नागरिकाला तक्रारअर्ज घेऊन पुढे जाता येतं.

म्हणजे ही लोकशाही होती?

पर्यटन खात्याच्या पाट्यांवर तसंच लिहिलेलं असतं. थोडं खरं. गुलामांना आवाज नव्हता, बायकांना जवळपास नव्हता, आणि आइसलँडमध्ये खरं वजन होतं ते गोदी म्हणवणाऱ्या सरदारांचं. ज्याच्यामागे माणसं जास्त त्याचा खटला भारी. आपल्याकडे मराठेशाहीत वतनाचे तंटे गोतसभेपुढे चालायचे आणि निकालाचा महजर लिहिला जायचा, तिथेही सगळा गाव जमायचा म्हणून सगळ्या गावाचं चालायचं असं काही नव्हतं.

या शब्दाचा गैरवापरही झालाय. जर्मनमध्ये हजार वर्षं 'डिंग' असताना नाझींनी मुद्दाम जुन्या वळणाचं 'थिंग' काढून उघड्यावरच्या प्रचारी नाटकांना आणि ती करायच्या जागांना लावलं. हायडेलबर्गच्या टेकडीवर १९३५ मध्ये गोबेल्सच्या हस्ते उद्घाटन झालेलं असं एक दगडी प्रेक्षागृह अजून आहे. ज्या शब्दात भांडायला जमणं होतं तो टाळ्या वाजवायला जमवण्यासाठी वापरला. तो प्रकार दोन-तीन वर्षांत बारगळला.

थिंक आणि थिंग एकच का?

नाही. थिंकची मुळी वेगळी, जर्मनमध्ये तो 'डेंकेन' आणि वस्तू 'डिंग', तिथेही दोन वेगळेच आहेत. यॉर्कशायरच्या भागांना 'रायडिंग' म्हणतात त्यातही थिंग शोधू नका, तो 'तिसरा हिस्सा' या अर्थाचा नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतला शब्द झिजून झालाय. आणि रेडिंग, नॉटिंगहॅम यातलं 'इंग' म्हणजे अमक्याची माणसं, अमक्याचे वंशज. मात्र डच बातम्यांत 'कोर्ट खेदिंग' असं काही दिसलं तर ते आपलंच आहे: त्यातलं 'कोर्ट' म्हणजे न्यायालय नाही, आखूड, आणि 'खेदिंग' म्हणजे खटला. तातडीचा दावा. सभेपुढचं प्रकरण हा मधला टप्पा तिथे आजही रोज वकिलांच्या तोंडी आहे.